किलोचा भाव, सालाचा भाव

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एका शेडमधले चोवीस माग निघाले. भंगारवाल्याची पाच माणसं घण घेऊन आली. दुपारपर्यंत बीड एका ढिगात, लोखंड दुसऱ्या ढिगात आणि मोटरींमधलं तांबं गोणीत जमा झालं. संध्याकाळी टेम्पो काट्यावर चढला, रिकाम्या गाडीचं वजन वजा झालं आणि उरलेल्या आकड्याला किलोच्या भावाने गुणलं. माग कुठल्या सालचा, कोणत्या कारखान्यात ओतलेला, त्यावर किती जणांची हयात गेली, हे कोणी विचारलं नाही. विचारायचं कारणही नव्हतं. मालक माझ्यासारखाच साठीचा. टेम्पोकडे न बघता तो मोबाइलवर गुणाकार पुन्हा तपासत होता. भिवंडीत जुन्या वस्तूचा भाव असा ठरतो आणि मला त्यात लबाडी दिसत नाही. काटा सगळ्यांसमोर असतो.

तिथे उभ्या उभ्या मला माझी गिटार आठवली.

ती माझे मामा घेऊन आले होते. मामा जहाजावर खलाशी. १९७९ च्या हिवाळ्यात जपानच्या कोबे बंदरात त्यांनी ती घेतली. गिटारची पेटी फार जागा खाते म्हणून ती जहाजावरच कोणाला तरी देऊन टाकली आणि गिटार घोंगडीत गुंडाळून आणली. ‘ग्रेको’ नावाची, विजेवरची, दिसायला हुबेहूब अमेरिकन ‘लेस पॉल’. मॉडेलचं नाव ईजी-५००. त्या पाचशेचा अर्थ मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळला. जपानी लोकांनी किंमतच नावात घातली होती. पाचशे म्हणजे पन्नास हजार येन, तेव्हाच्या हिशेबाने दोन हजार रुपयांच्या आतबाहेर. डोक्याच्या मागच्या बाजूला शिक्का मारलेला नंबर होता. त्यातलं पहिलं अक्षर महिन्याचं, पुढचे दोन आकडे सालाचे. माझी जुलै १९७८ ची.

त्या गिटारवर मी पंचवीस वर्षं ऑर्केस्ट्रात पोट भरलं. ‘कर्ज’ सिनेमात गोरख शर्मांनी वाजवलेला गिटारचा तुकडा गणपतीच्या दहा दिवसांत मी किती वेळा वाजवला असेन, बाप्पालाच ठाऊक. भिवंडीत गिटार वाजवायची एक गंमत आहे. पिकअप म्हणजे तारांचा आवाज पकडणारी बारीक तारेची गुंडाळी. साधी, एका गुंडाळीच्या पिकअपची गिटार लावली की गाण्याआधी शेजारच्या मोटरींची गुणगुण अँप्लिफायरमधून यायला लागते. माझ्या गिटारला दोन-दोन गुंडाळ्यांचे पिकअप होते. त्या गुंडाळ्या अशा उलटसुलट जोडलेल्या असतात की एकीची गुणगुण दुसरी खाऊन टाकते. मागांच्या गावात मी टिकलो तो त्या जोडणीमुळे.

पण गिटार वापरायची वस्तू होती, त्यामुळे ती झिजली आणि मी ती दुरुस्त करत गेलो. १९८४ साली ऐन गणपतीत एक पिकअप गेला. नवा मिळणं शक्य नव्हतं. परदेशी वाद्यं तेव्हा नातेवाइकाच्या बॅगेतूनच यायची. मी तो मोटर रिवाइंडिंगवाल्या चाचांकडे नेला. त्यांनी तार चिमटीत धरून उजेडात पाहिली आणि म्हणाले, “ये तार है कि बाल?” मुंबईच्या लोहार चाळीतून तसली बारीक तार आणली आणि चाचांनी पंख्याच्या कॉइलसारखे हजारो वेढे हाताने मोजत घातले. पैसे घेतले नाहीत, फक्त म्हणाले की विसर्जनाला त्यांच्या गल्लीवरून जाताना मोठ्याने वाजव. १९८८ मध्ये ऑर्केस्ट्राच्या मालकाला चकाकणारी वाद्यं हवी झाली, म्हणून ट्रकच्या गॅरेजमध्ये नेऊन ड्यूको मारून घेतला. लालभडक. पावसाळ्यात खुंट्या गंजल्या तेव्हा कोलकात्याच्या बसवल्या आणि जुन्या चहाच्या डब्यात टाकल्या. तो डबा पुढे कुठे गेला कोण जाणे.

२०२१ मध्ये, कार्यक्रम बंद पडून दुसरं वर्ष लागलं होतं तेव्हा, मी ती मुंबईतल्या एका दुकानात विकली. दुकानाचं नाव घेत नाही. काउंटरवरच्या मुलाने स्क्रू ड्रायव्हरने मागची पट्टी उघडली, मोबाइलच्या उजेडात झाळकामाचे डाग बघितले, मग जांभळ्या प्रकाशाची छोटी बॅटरी लाकडावर फिरवली. बोटं दुमडत एकेक सांगू लागला. रंग मूळचा नाही. एक पिकअप पुन्हा गुंडाळलेला. खुंट्या बदललेल्या. पेटी नाही. फ्रेटच्या पट्ट्या झिजलेल्या. प्रत्येक वाक्याला भाव एक पायरी उतरत होता. तिसापासून सुरू झालेला आकडा नऊ हजारांवर येऊन थांबला. मी घेतले. त्या महिन्यात नऊ हजार हे नऊ हजारच होते.

दोन वर्षांनी भाच्याने फोनवर फोटो पाठवला. “मामा, ही तुमचीच ना?” माझीच. खालच्या कडेला टेम्पोचा फाळका लागून पडलेला खड्डा मी अंधारात हाताने ओळखेन. भिंतीवर पिवळ्या दिव्याखाली टांगलेली, गळ्यात चिठ्ठी: विंटेज, जपान १९७८, ओरिजिनल पिकअप, पासष्ट हजार.

ओरिजिनल पिकअप!

मला नऊचे पासष्ट झाल्याचा राग आला नाही. आला असेल, पण तो दोन दिवसांत गेला. दुकानाला मुंबईचं भाडं आहे, मुलाचा पगार आहे, पट्ट्या घासून नव्याने बसवायचा खर्च आहे, आणि असला एक नग दोन-दोन वर्षं अडकून पडतो. परदेशातले जुन्या गिटारचे व्यापारीसुद्धा अपेक्षित विक्री किमतीच्या निम्मे ते साठ टक्के देऊन माल उचलतात. आमचं दुकान त्यापेक्षा बरंच खाली उतरलं, पण गरजू माणसाकडून घेताना कोण उतरत नाही? मला खटकलं ते वेगळं. जे दोष माझ्याकडून घेताना बोटावर मोजले, ते विकताना चिठ्ठीवरून गेले कुठे? रंग तोच. चाचांची गुंडाळी तीच. दोष माझ्या किमतीतून वजा झाला आणि गिऱ्हाइकाच्या किमतीत वजा झालाच नाही, म्हणजे तो मधल्यामध्ये कोणीतरी खिशात घातला.

जुनी गिटार इतकी महाग मुळात होते का, हे मला बरीच वर्षं उमगत नव्हतं. आमच्याकडे जुनं म्हणजे सेकंड हँड आणि सेकंड हँड म्हणजे निम्मं. मग मिळेल ते वाचत गेलो. ज्या गिटारची माझी जपानी गिटार नक्कल होती, तिचीच कथा घ्या. अमेरिकेतल्या कॅलमझू गावच्या गिब्सन कारखान्याने १९५८ ते १९६० या तीन वर्षांत लेस पॉल गिटारी लालपिवळ्या सूर्यास्ती रंगात काढल्या. सगळ्या मिळून सतराशेच्या आसपास, अडीचशे डॉलरच्या आगेमागे. फारशा खपल्या नाहीत म्हणून कंपनीने तो आकारच बंद केला. म्हणजे ती पडलेली वस्तू. १९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या बँडबरोबर एरिक क्लॅप्टनने तसल्याच एका गिटारवर तबकडी काढली आणि त्या आवाजामागे पोरं वेडी झाली. कारखान्यात तर ती बनतच नव्हती. मागणी पोचली तेव्हा माल संपलेला. १९६८ मध्ये कंपनीने आकार पुन्हा सुरू केला, पण तोवर ‘ती’ आणि ‘नवी’ अशी फाळणी झाली होती. आज त्या सतराशेंतली एक मिळवायला लाखो डॉलर मोजावे लागतात.

त्यातही मला गंमत वाटते ती रंगाची. त्या लाल रंगातला एक भाग उन्हात टिकायचा नाही. दुकानाच्या काचेत चार महिने टांगलेली गिटार फिकट लिंबासारखी किंवा चहासारखी होऊन जायची. आमच्या भिवंडीत ज्याचा रंग उडतो त्या कापडाला कच्चा रंग म्हणतात. व्यापारी अख्खा ताका परत पाठवतो, वर नुकसान कापून घेतो. तिकडे रंग कसा आणि किती उडालाय यावर गिटारींना लाडकी नावं पडली आहेत. पिकअपचंही तेच. ती गुणगुण मारणारी दुहेरी गुंडाळी गिब्सनच्या सेथ लव्हरने काढली, पेटंटसाठी अर्ज केला १९५५ मध्ये आणि पेटंट मिळायला १९५९ उजाडलं. त्या काळातल्या मालावर पेटंटसाठी अर्ज केल्याचं सांगणारी छोटी काळी पट्टी चिकटवलेली असायची. ती जागेवर असलेला पिकअप आज एकटा हजारो डॉलरला जातो. त्यातले वेढे नेमके नसायचे. एका पिकअपला कमी, दुसऱ्याला जास्त, कारण मशीन चालवणारीचा अंदाज. कांडी अशी भरली असती तर आमच्याकडे मजुरी कापली असती. तिथे त्याच चुकीला ‘प्रत्येकाचा आवाज वेगळा’ म्हणून भाव आहे. पीटर ग्रीन नावाच्या वादकाच्या गिटारमधलं एक चुंबक उलटं बसलं होतं. त्यातून निघणाऱ्या पोकळ, रडव्या आवाजामुळे ती गिटार प्रसिद्ध झाली आणि २०१४ मध्ये मेटॅलिकाच्या कर्क हॅमेटने ती विकत घेतली.

दुसरी मोठी कंपनी फेंडर. ती जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या रेडिओ-टीव्ही कंपनीने एक कोटी तीस लाख डॉलरला घेतली. वादकांत बोलवा झाली की मालक बदलला आणि माल उतरला. तेव्हापासून ‘सीबीएसच्या आधीची’ हे दोन शब्द किमतीत भर घालतात. मग व्यापारी ती आधीची आहे हे ओळखतो कशी? गळ्याच्या टाचेवर कारागिराने पेन्सिलने किंवा शिक्क्याने घातलेली तारीख बघून. आवाजाच्या बटणाखालच्या पॉटवर आकडे असतात. पहिले तीन बनवणाऱ्याचे, पुढे साल, मग आठवडा. १९६४ च्या गिटारमध्ये १९६६ च्या आठवड्याचं पॉट निघालं की खेळ संपला. झाळकामाचा डाग पहिला आहे की दुसऱ्यांदा तापवलेला, हेही जाणकार डोळ्याला कळतं. जांभळ्या प्रकाशात जुनं लॅकर हिरवट पिवळं चमकतं, नंतर मारलेला रंग नाही. पुन्हा रंगवलेल्या गिटारची किंमत निम्म्यावर येते, हा त्या धंद्यातला ठोकताळा. म्हणजे १९८८ मध्ये ट्रकवाल्याला दिलेल्या ड्यूकोच्या पैशांत मी माझी अर्धी गिटार पुसून टाकली होती.

लाकडातही पंक्तिभेद आहे. जुन्या गिटारींच्या बोटपट्टीला ब्राझीलचा शिसव वापरायचे. तो दुर्मीळ झाल्यावर साठच्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकन कारखाने आपल्या शिसवाकडे वळले. जुन्या बाजारात ब्राझीलच्या पट्टीला जास्त भाव आहे, आपला शिसव दुसऱ्या पंगतीत. कानाला फरक कळतो म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून मला एकदा परीक्षा घ्यायची आहे.

या सगळ्यामागे मला एक साधी गोष्ट दिसते. पंधराव्या वर्षी माणूस जी वस्तू काचेबाहेरून बघतो, ती तो पन्नाशीत घेतो. साठ-सत्तरच्या दशकातली ती गोरी पोरं पुढे वकील झाली, दंतवैद्य झाली, पैसा आला, आणि राहिलेली हौस बाजारात उतरली. जॉर्ज ग्रुन यांनी नॅशव्हिलमध्ये १९७० साली जुन्या गिटारींचं दुकान थाटलं, तेव्हा लोक त्याला जुनाट मालाचं दुकान समजत असतील. १९८६ मध्ये जुन्या गिटारींसाठी वेगळं मासिक निघालं, १९९१ मध्ये ग्रुन यांचं ओळख पटवायचं पुस्तक आलं, मग दरवर्षी भावाची पुस्तकं. नोंद आली की बाजार पक्का होतो, आणि बाजार आला की सट्टेवालेही येतात. २००८ च्या मंदीत या गिटारींचे भाव शेअरसारखेच आपटले. सत्तरच्या दशकातल्या जपानी नकलांचं नशीबही नोंदीनेच उघडलं. १९७७ मध्ये गिब्सनच्या तेव्हाच्या मालक कंपनीने ‘आयबानेझ’ या जपानी गिटारींच्या अमेरिकेतल्या वितरकाविरुद्ध डोक्याच्या आकारावरून दावा लावला, पुढे तडजोड झाली. त्या एका दाव्यापायी जपानी गिटारींची एक अख्खी पिढीच ‘खटल्याच्या काळातली’ म्हणून ओळखली जाऊ लागली. माझी ग्रेको ज्या मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्यातली, तिथेच आयबानेझही बनत. नक्कल म्हणून हिणवलेला माल नक्कल चांगली होती म्हणून महाग झाला.

आता कोणी म्हणेल, नियम स्पष्ट आहे, मूळ ते मोलाचं, तुम्ही ते बिघडवलंत, भोगा. मीही तेच म्हणालो असतो, पण २० जून २०१९ ला न्यूयॉर्कच्या ख्रिस्टीजच्या लिलावात प्रसिद्ध रॉक गिटारवादक डेव्हिड गिलमोर यांची फेंडरची काळी स्ट्रॅटोकास्टर ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली, तेव्हाच्या दराने साडेसत्तावीस कोटी रुपये. ती गिटार मुळात काळी नव्हतीच, सूर्यास्ती रंगावर काळा मारलेला. तिची मान एकदा नाही, अनेकदा बदललेली. पिकअप बदलले, जादा खटके बसवले, भोकं पाडली, बुजवली. माझ्या काउंटरवरच्या मुलाने तिच्यासाठी स्क्रू ड्रायव्हर उचलला असता तर आकडा नऊ हजारांच्याही खाली गेला असता. गिलमोर यांनी मान बदलली की तो इतिहास, मी खुंट्या बदलल्या की तो दोष. लिलावाचा सगळा पैसा त्यांनी पर्यावरणाच्या कामाला दिला, माणूस मोठा, त्याबद्दल वाद नाही. माझं म्हणणं इतकंच की मूळपणा हा सोन्याच्या कसासारखा नियम नाही. कोणी केलं आणि त्याची नोंद आहे की नाही, यावर तो वाकतो. गिलमोर यांच्या प्रत्येक बदलाची तारीख लोकांना माहीत आहे. चाचांनी घातलेले वेढे फक्त मला माहीत होते, आणि मला कोणी विचारलं तेव्हा ते किंमत पाडायला विचारलं.

आणि मूळपणावर एवढी श्रद्धा असलेल्या याच धंद्याने १९९५ पासून नव्या गिटारी मुद्दाम ठोकून, घासून, गंजवून ‘जुन्या’ करून विकायला काढल्या. कोऱ्या गिटारपेक्षा त्या महाग. जीनची पँट दगडांत घालून धुणाऱ्यांच्या गावात राहून मी त्यावर हसणार नाही. पण माझा फाळक्याचा खड्डा खरा आहे, हे तरी चिठ्ठीवर लिहायला हवं होतं.

तर माझी मागणी छोटी आहे, आणि ती सरकारकडे नाही, जुनी वाद्यं घेणाऱ्या-विकणाऱ्या दुकानांकडे आहे. घेताना जे दोष सांगता ते कागदावर लिहून द्या, सहीनिशी. विकताना तोच कागद वाद्याच्या गळ्यात बांधा. भाव काय लावायचा तो लावा.

अडचण काय सांगतील ते मला ठाऊक आहे. एवढं लिहीत कोण बसणार? पण लिहितातच. जीएसटीच्या नियम ३२(५) मध्ये जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला पूर्ण किमतीवर नव्हे, तर खरेदी-विक्रीतल्या फरकावर कर भरायची मुभा आहे, अट अशी की त्याने त्या मालावर इनपुट क्रेडिट घेतलेलं नसावं आणि मालाचं स्वरूप बदलेल असं काही केलेलं नसावं. ही सवलत घ्यायची तर कितीला घेतला हे दाखवावंच लागतं. आकडा वहीत आहे. आकड्यामागचं कारण लिहायला चार ओळी पुरतात.

नव्या गिटारला हा प्रश्न येत नाही. मुंबईत कोणी ऑनलाइन मागवली तर खोकं बहुधा आमच्याच माणकोली-दापोड्याच्या एखाद्या गोदामातून सुटतं. त्यावर छापील किंमत असते, बारकोड असतो. जुन्याला छापील किंमत नाही, म्हणून तिथे बोलणाऱ्याचा भाव चालतो. आपल्याकडे भावाचं पुस्तकही नाही. दुकानदार परदेशी संकेतस्थळावरची किंमत दाखवतो, पण ती मागितलेली असते, मिळालेली नव्हे. या दोहोंत काय अंतर असतं ते आमच्या तालुक्यातल्या कुठल्याही भातशेतकऱ्याला विचारा.

पेटीवाल्यांकडे बघून मला हेवा वाटतो. जुन्या हार्मोनियमच्या सौद्यात पहिला प्रश्न असतो, सूर कुठले? जर्मन, पॅरिसचे की पालिताण्याचे? जर्मन सुराची पेटी म्हणजे भाव वेगळा. विकणारा पेटी उघडून सूर दाखवतो, घेणारा वाजवून बघतो, भाता फुटका असेल तर तो तिथेच दिसतो. भाता बदलला म्हणून पेटी कोणी निम्म्यावर आणत नाही. दुरुस्ती हा वाद्याच्या आयुष्याचाच भाग, हे त्या धंद्याने मानलेलं आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे त्यांचं गावही कागदावर आलं.

आमच्या विजेवरच्या वाद्यांचं काय? आगरी हळदीत जो बेंजो वाजतो, ज्याच्याशिवाय ठाणे-रायगडात लग्न लागलं असं कोणी मानत नाही, त्याचं मूळसुद्धा जपानीच. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये टंकलेखन यंत्रासारख्या खटक्यांचं तंतुवाद्य काढलं, ते इकडे येऊन बुलबुलतरंग झालं, आणि आमच्या पोरांनी त्याला पिकअप लावून टेम्पोवर चढवलं. लग्नगीतं गाणाऱ्या धवलारणीचे धवले सकाळी आणि बेंजो रात्री, अशी आमची हळद. कुठल्या सुताराने कुठला बेंजो केला, पहिला पिकअप कोणी बसवला, कुठल्या गावच्या बेंजो पार्टीचा आवाज कसा होता, यातलं काही कुठे लिहिलेलं नाही. ज्यांना सांगता येईल ते सत्तरीपुढे आहेत. कोलकात्याच्या गिटारींचंही तसंच. ऐंशीच्या दशकात हजारो पोरांनी त्यावर बोटं सोलून घेतली. उद्या त्यांच्यातला कोणी पैसेवाला आपली पहिली गिटार शोधत येईल, तेव्हा ती कुठल्या सालची हे सांगायला नंबरसुद्धा नसेल.

मला आमचे बेंजो काचेच्या कपाटात बघायची घाई नाही. काचेत गेलेलं वाद्य हळदीला मिळत नाही. पण नोंद नसलेली वस्तू शेवटी काट्यावरच जाते.

गिटार विकल्यावर मी घरच्या ओट्यावर दुरुस्तीचं टेबल टाकलं. वाद्य उघडलं की आत पेन्सिलने तारीख आणि काय बदललं ते लिहून ठेवतो, आणि काढलेला जुना भाग पिशवीत घालून गिऱ्हाइकाला परत देतो. लोक हसतात, “काका, याचं काय करू?” म्हणतात. ठेव म्हणतो. चहाच्या डब्यात नको.

परवा काल्हेरकडचा एक मुलगा आला, विशीतला. बाबांचा बेंजो घेऊन. बाबा गेल्या वर्षी वारले, पार्टी मोडली. “काका, काय येतील याचे?” मी मागची फळी उघडली, बॅटरी लावली आणि माझ्या तोंडून आपोआप सुरू झालं. खटके बदललेत. पिकअप लोकल. फळीला तडा आहे. कडेला ड्यूको मारलाय. चौथ्या वाक्याला मला त्या काउंटरवरच्या मुलाचा आवाज ऐकू आला. तरी आकडा सांगितला: तीन हजार.

मुलगा म्हणाला, “आणि तुम्ही कितीला विकाल?”

मी खरं सांगितलं. सहा, गिऱ्हाईक भेटलं तर सात.

मग कागद काढला आणि सांगितलेले चारही दोष लिहिले, खाली तीन आणि सहा हे दोन्ही आकडे, तारीख, सही. पाचवी ओळ त्याने सांगून लिहायला लावली, की फळीचा तडा अंजूरच्या एका हळदीत टेम्पोवरून पडून गेलेला आहे आणि बाबांनी त्या रात्री तसाच पहाटेपर्यंत वाजवला होता. कागदाची घडी करून त्याने ती खिशात घातली आणि बेंजो उचलला.

“राहू दे काका,” म्हणाला. “वैशाखात ताईची हळद आहे. एक खटका अडकतोय, तेवढा बघता?”